लेझरनं चामखीळ कायमची जाते का

ताई, तुम्ही विचारलं का लेझर केल्यावर चामखीळ परत येते का, तर येऊ शकते. ती एचपीव्ही नावाच्या व्हायरसनं होते, लेझर वरचं वाढलेलं मांस जाळते पण आजूबाजूच्या कातडीत व्हायरस राहिला तर पुन्हा उगवते. इथं कमेंटमधी एका भाऊंनी चामखिळीवर चुना न् धुण्याचा सोडा लावा म्हटलं, ते मात्र नका करू जी! आमच्या मोठ्या भावानं तळपायाले लावला, ऐन कापूस वेचणीत, चामखीळ तिथंच अन् भोवती जखम, वावरात पाय टेकवता येत नव्हता. मग यवतमाळले स्कीनच्या डॉक्टरकडं लेझर केली. सुन्न करायचं इंजेक्शन तळपायात भल्लं दुखते, मंग काही समजत नाही, जळक्या केसासारखा वास येते बस. लेझरनं पडलेला खड्डा भरेपर्यंत चिखला-शेणात पाय नको, अन् शुगर असंल तर डॉक्टरले आधी सांगाच.

पण पहिलेच लेझर कायले, आधी सॅलिसिलिक ॲसिडचं औषध असते, एकदम थंडगार पातळ नायट्रोजननं गोठवणं असते, लहान पोरांची तर बऱ्याचदा दोनेक वर्षांत आपोआप जाते. सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात स्कीन ओपीडीत एकदा दाखवून घ्या. तोवर खाजवू नका, त्यावरून ब्लेड फिरवू नका, पसरते.