मे महिन्यात मुलं कुणाकडे? ठाण्याला परतणाऱ्यांचा प्रश्न

लंडनहून

नमस्कार मंडळी,

आपल्या मराठी मंडळाच्या मेलवर हे विचारतेय, कारण आमचं इंग्लंडहून ठाण्याला परतायचं नक्की झालंय. ईस्टरच्या सुट्टीत निघतोय. घर घोडबंदर रोडला, मानपाड्याजवळ. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा साडेपाचचा. दोघांना सीबीएसईच्या शाळेत प्रवेश मिळालाय. म्हणजे एप्रिलमध्ये वर्ग सुरू होणार आणि मुलं जरा रुळतायत तोवर मे महिन्याची सुट्टी लागणार. ह्यांचं ऑफिस ऐरोलीला, माझं बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात), आणि मला मेच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हायचंय. सासूबाई-सासरे साताऱ्याला असतात. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय. माझी आई आता नाही.

इथे आमचं सुट्टीचं गणित ठरलेलं आहे. हॉलिडे क्लब सकाळी आठ ते संध्याकाळी सहा मुलं सांभाळतो. टॅक्स-फ्री चाइल्डकेअरच्या खात्यातून पैसे भरतो, आपल्या आठ पौंडांवर सरकार दोन पौंड घालतं. ठाण्यात तसं काय आहे? समर कॅम्पच्या जाहिराती पुष्कळ दिसतात. तेवढ्यावर भागेल का? परत गेलेल्यांनी खरं काय ते सांगा. सध्या मला झोप लागत नाही ती याच विचाराने.

मानपाड्याहून (पूर्वी रेडिंग)

मंडळाच्या दिवाळीला आपण भेटलो होतो, म्हणून सरळ अगं-तूगं करते.

समर कॅम्पवर भागणार नाही, हे आधीच सांगून टाकते. इथले बहुतेक कॅम्प सकाळी नऊ-दहाला सुरू होतात आणि बाराला सुटतात, तेही दहा-पंधरा दिवसच. ने-आण आपली आपण. भर दुपारी बारा वाजता मानपाड्याच्या कॅम्पच्या दाराशी कोण उभं राहणार? तू त्या वेळी बीकेसीत मीटिंगमध्ये असशील. कॅम्प चांगले असतात, मुलांना आवडतात, जरूर घाल. पण तो क्लास आहे. ऑफिस सांभाळताना मुलांकडे बघणारं कुणीतरी लागतं, ती गरज त्याने भागत नाही.

तुझ्या बाबतीत सगळ्यात मोठी अडचण मला रुजू होण्याच्या तारखेची दिसते. नव्या नोकरीत खात्यावर रजा साठलेली नसते, प्रोबेशनमध्ये तर विचारायचीही चोरी. अजून इंग्लंडमध्ये आहेस तोवरच कंपनीला लिही आणि जूनच्या मध्यावर रुजू होते म्हणून सांग. त्यांनी तुझ्यासाठी एवढे महिने थांबायची तयारी दाखवली आहे, आणखी पाच-सहा आठवडे थांबतील. नाहीच म्हणाले तर निदान मे महिना घरून काम करायचं लेखी मागून घे. एकदा कार्ड पंच करायला लागलीस की हे मागणं फार अवघड होतं. तिथे मुलामागे १८ आठवड्यांची बिनपगारी पेरेंटल लीव्ह असते (वर्षात जास्तीत जास्त चार आठवडे), तसा हक्क इथे खासगी नोकरीत नाही. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना सबंध नोकरीत मिळून ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. आपल्यासारख्यांना जे मिळतं ते साहेबाशी बोलूनच.

मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीपासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येण्याची मुभा आहे. कंपनीला हे विचार, पण धाकट्यापुरतंच. ही सोय असते ती तान्ह्या आणि लहान मुलांसाठी. नऊ वर्षांच्या मुलीसाठी तिथे काही नसतं. शिवाय मानपाड्याहून बीकेसीला गर्दीच्या वेळी मुलाला घेऊन जायचं म्हणजे त्याचे हाल. घोडबंदर रोडची गर्दी आणि त्यावर मेट्रोचं काम, तू येशील तेव्हा बघशीलच.

आता आम्ही काय करतो ते सांगते.

आमच्या इमारतीतली चार घरं एकत्र आलोय. चारही घरांत आई-बाप दोघं नोकरीला. सोमवार ते गुरुवार एकेक दिवस एकेका घराकडे. ज्या घराचा वार, त्या घरातल्या एकाने त्या दिवशी घरून काम करायचं किंवा रजा टाकायची. मग ती आई असो की बाबा, आणि आमच्याकडे दोन वार बाबांचेच आहेत. शुक्रवारसाठी चौघांनी मिळून एक मावशी ठेवल्या आहेत. प्रत्येकाला महिन्यातून चार-पाच दिवस द्यावे लागतात. तेवढे कुणालाही जमतात. सबंध महिना मात्र कुणा एकाला जमत नाही.

हे टिकलं ते आधी बसून नियम ठरवले म्हणून. एप्रिलच्या एका रविवारी आमच्या हॉलमध्ये आठही जण चहाला बसलो होतो. मुलांनी आपला डबा आणि पाण्याची बाटली घेऊन यायचं, म्हणजे त्या घरावर चौघांच्या स्वयंपाकाचा भार नाही आणि कुणाला काय चालतं, काय चालत नाही याचा प्रश्नही नाही. अकरा ते पाच खाली खेळायला जायचं नाही. ठाण्यातला मे म्हणजे नुसतं ऊन नाही, घामाने अंगाला कपडे चिकटतात, मूल कधी गळून जातं ते कळतही नाही. गच्चीवर आणि पोहण्याच्या तलावावर मोठं माणूस सोबत असल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. आजारी मुलाला पाठवायचं नाही, त्या दिवशी त्याच्याच घरचं कुणीतरी थांबतं. टीव्ही-मोबाइल जेवणानंतर तासभर, चारही घरांत सारखाच. या शेवटच्या नियमावर जेवढी चर्चा झाली तेवढी कशावरच झाली नाही! पण तो सगळीकडे सारखा नसता तर मुलांनी आठवडाभरात कुठलं घर सोयीचं ते ठरवून टाकलं असतं.

पहिल्या वर्षी शेजारचा सात वर्षांचा मुलगा आमच्याकडे जेवायलाच तयार नव्हता. डबा उघडायचा, बघायचा आणि झाकण लावायचा. आग्रह केला की डोळ्यांत पाणी. मी त्याच्या आईला फोन केला तेव्हा कळलं की घरी तो आजीच्या शेजारी, जमिनीवर बसून जेवतो. दुसऱ्या दिवशी चारही मुलांना टेबलाऐवजी खाली सतरंजीवर बसवलं आणि मीही ताट घेऊन त्याच्या शेजारी बसले. पोळीचे चार घास गेले, मग वाटीतला आमरस संपला. तेव्हापासून आमच्याकडे मे महिन्यात पंगत सतरंजीवरच बसते. अशा बारीकसारीक गोष्टी एकमेकांना सांगायला एक वही ठेवली आहे, ती मुलांबरोबर घरोघर फिरते. कोण दुपारी झोपतं, कुणाला कुत्र्याची भीती वाटते, कुणाचा दात हलतोय, सगळं त्यात असतं.

मावशींबद्दल नीट लक्षात ठेव. मे महिन्यात त्याही गावाला जातात, आणि का जाऊ नयेत? त्यांच्याही मुलांना सुट्टी असते, त्यांच्याही घरी लग्नं निघतात. त्यांच्या तारखा मार्चमध्येच विचारून घ्यायच्या, त्या दिवसांची सोय आपण करायची आणि सुट्टीचा पगार कापायचा नाही. आमच्या मावशींची मुलगी शुक्रवारी आमच्या मुलांतच असते. तिचाही डबा, तिलाही पत्त्यांत डाव. आपली मुलं सांभाळायला येणाऱ्या बाईचं मूल दिवसभर एकटं खोलीत राहणार असेल तर ती सोय मला सोय वाटत नाही. पोलीस पडताळणी मात्र करून घे, त्यात संकोच नको.

पाळणाघरांचं म्हणशील तर घोडबंदर रोडला, नौपाड्यात, पाचपाखाडीत आहेत. शाळकरी मुलांना सुट्टीपुरती घेणारीही आहेत, पण जागा लवकर भरतात, म्हणून मार्चमध्येच विचार. बघायला जाशील तेव्हा वेळ न कळवता दुपारी दीडच्या सुमारास जा. मुलं जेवत असतात, काही झोपायला लागलेली असतात. त्या अर्ध्या तासात कोण मुलाशी कसं बोलतंय ते दिसतं. २०१६ साली खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाली आणि ती उघडकीला आली ती सीसीटीव्हीमुळे. कॅमेरा आहे का, हे विचारच. पण दर आठवड्याला वेळ न कळवता जाता येईल का, हेही विचार. जो नाही म्हणेल त्याच्याकडे मुलं ठेवू नकोस.

आणि काहीही ठरवलंस तरी फोन आल्यावर दहा मिनिटांत मुलांपर्यंत पोहोचेल असं एक माणूस ठाण्यात हवंच. तू बीकेसीहून निघालीस तर दीड तास सहज जाईल. तातडीच्या मदतीसाठी मुलांच्या तोंडात तिथला ९९९ नंबर बसलेला असेल, इथे ११२ आहे. आल्या आल्या तेवढं पाठ करून घे. अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ आहे, तोही थोरलीला सांगून ठेव.

नेरूळहून (पूर्वी क्रॉयडन)

नमस्कार वहिनी,

मानपाड्याच्या ताईंचं सगळं पटलं. एक गोष्ट जोडतो, कारण तुमचे मिस्टर ऐरोलीला आहेत. त्यांचं काम इंग्लंडच्या क्लायंटचं असेल तर उन्हाळ्यात वेळेचा फरक साडेचार तासांचा असतो. तिथे सकाळचे नऊ म्हणजे इथे दुपारचे दीड. माझी टीम म्हणूनच मे महिन्यात दुपारी सुरू होते. मी दीडपर्यंत मुलांसोबत असतो, पुढे बायको शाळेतून येते (ती शिक्षिका आहे, निकालाची कामं उरकून तिची सुट्टी आमच्यापेक्षा उशिरा लागते). सकाळी सातला मुलांना घेऊन बागेत जातो, नऊच्या आत घरी. दहानंतर मैदान नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं दगावली, ते आम्ही नवी मुंबईकर विसरलेलो नाही. कॅम्पवाल्यांनी ‘मैदानी खेळ, ११ ते १’ असं छापलेलं दिसलं की मी तिथे नाव घालत नाही.

पुरुषांनी ऑफिसात हे मागायला लाजू नये. मी मागितलं तेव्हा आणखी तिघांनी मागितलं. ते इतके दिवस गप्प होते ते कुणीतरी आधी बोलावं म्हणून.

मुलांना साताऱ्याला पाठवायचं झालं तर सगळा महिना नको, आठ-दहा दिवस ठीक. इंग्लंडमधून आलेलं मूल एप्रिलमध्ये नवी शाळा, मे महिन्यात नवं गाव, जूनमध्ये परत शाळा, असं तीनदा हलवलं की त्याचा पाय कुठेच टेकत नाही.

नौपाड्याहून

मी मंडळाची सभासद नाही, पण मुलगा-सून तिथे आहेत म्हणून मेल मला येतात. एका आजीचं म्हणणं ऐका.

आम्हाला नातवंडं हवी असतात. पण सकाळी आठ ते रात्री आठ, रोज, महिनाभर, हे सत्तरीत झेपत नाही. आम्ही नाही म्हणत नाही, म्हणून तुम्हाला ते कळत नाही. सासूबाईंचं ऑपरेशन झालंय म्हणतेस. त्यांना तू विचारलंस तर त्या हो म्हणतील आणि काठी टेकत उभ्या राहतील. म्हणून तू विचारू नकोस. त्यांना पाहुणी म्हणून बोलाव. दुपारी मुलांना जवळ घेऊन पडतील, गोष्टी सांगतील. मुलांचं मराठी सुधारायला त्यासारखं दुसरं काही नाही. न्हाणं, जेवण, मुलांच्या मागे धावणं याला दुसरं माणूस ठेव.

माझ्या नातीला मी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाची ओळख करून दिली. १८९३ सालची संस्था आहे. पहिल्या दिवशी ती नुसती पुस्तकांची पानं उलटत होती, कारण तिला मराठी बोलता यायचं, वाचता येत नव्हतं. मग आम्ही रोज दुपारी एक पान वाचायला लागलो, एक ओळ तिची, एक माझी. येऊरच्या बायका बाजारात करवंदं आणि जांभळं घेऊन बसतात, येताना ती घ्यायची. दोन तासांचं काम, पण ते मला झेपतं आणि मनापासून आवडतं. तुझी थोरली नऊ वर्षांची आहे ना? तिला माझ्याकडे पाठव. मंगळवारी आणि शुक्रवारी, चार ते सहा. ही काही उपकाराची भाषा नाही गं, मला सोबत हवीच आहे.

लंडनहून

ताई, दादा, काकू,

तुमचे मेल आम्ही दोघांनी मिळून दोनदा वाचले. आजच कंपनीला लिहिलं आणि १६ जूनची तारीख मागितली. उत्तर यायचंय. ह्यांनी त्यांच्या मॅनेजरला दुपारच्या शिफ्टचं विचारलं, ते मेपुरतं मान्य झालंय. म्हणजे माझी तारीख मान्य झाली नाही तरी दीडपर्यंत मुलांजवळ बाबा असतील आणि शोधायची आहे ती दुपारनंतरची सोय. सासूबाईंशीही बोलले, पण मुलं सांभाळण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. बरं वाटलं की पंधरा दिवस राहायला या, एवढंच म्हटलं.

इथल्या मंडळींसाठी एक. पुढच्या वर्षी मुलांना आजोळी न्यायचं ठरवत असाल तर इंग्लंडची सुट्टी जुलैच्या शेवटी लागते, तोवर ठाण्यात शाळा सुरू होऊन महिना उलटलेला असतो आणि पावसाने झोडपलेलं असतं. आते-मामे भावंडं शाळेत असतात. त्यांच्यात राहायचं असेल तर मे महिनाच हवा, आणि इथल्या शाळेतून टर्ममध्ये मुलं नेली तर प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे ८० पौंडांचा दंड बसू शकतो. हे गणित मला सुटलेलं नाही. कुणाला सुटलं असेल तर लिहा.

मानपाड्याच्या ताई, तुमच्या चार घरांत पाचवं घर बसेल का? माझा वार शुक्रवार चालेल. मावशींना सुट्टी हवी असेल तेव्हा पाचही घरांतली मुलं मी बघेन. काकू, थोरलीने मंगळवारसाठी आत्ताच वही काढून ठेवली आहे. तुमच्याकडे येताना कुठली रिक्षा करायची आणि कुठे उतरायचं, तेवढं कळवा.