स्पेनमधले द्राक्षमळे आणि मोटारी नसलेली खडीची वाट

प्रेषक: लेस्टर
विषय: सप्टेंबरअखेर स्पेन, सायकलसाठी मार्ग हवा

मंडळी, नमस्कार.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही लेस्टरचे सातजण स्पेनला निघतोय. त्यात बारा-तेरा वर्षांची दोन मुलं आहेत आणि सासूबाई ई-बाइकवर. मोटारी अजिबात नकोत, डांबर नसलं तरी चालेल, द्राक्षमळे मात्र दिसायला हवेत. दिवसाला ४०-५० किलोमीटर जमतील. जो तो रिओहा, म्हणजे उत्तर स्पेनमधला वाइनचा प्रांत, सांगतो. सायकली तिथेच भाड्याने घेणार. जाणकारांनी सुचवावं.

---

प्रेषक: ब्रिस्टल
विषय: उत्तर: सप्टेंबरअखेर स्पेन, सायकलसाठी मार्ग हवा

> जो तो रिओहा सांगतो.

गफलत इथेच होते. 'मोटारी नाहीत' आणि 'द्राक्षमळे आहेत' या दोन गोष्टी स्पेनमध्ये एका जागी क्वचितच भेटतात. मोटारी नसलेल्या वाटा म्हणजे तिथल्या 'विया वेर्दे', शब्दशः हिरवी वाट. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून १९९३पासून त्या केल्या जात आहेत. रेल्वे जाते नदीकाठाने, द्राक्षं असतात उतारांवर. त्यामुळे मार्ग निवडताना प्रांताचं नाव न पाहता मूळ रेल्वे कुठून जायची ते पाहा.

रिओहातली 'रिओ ओहा' ही विया वेर्दे कासालार्रेइना ते एस्कराय, २६-२८ किलोमीटर. १९१६ ते १९६४ इथे छोटी रेल्वे चालायची. पहिले काही किलोमीटर द्राक्षं दिसतात, मग गहू आणि बटाट्याची शेतं, वर डोंगर. वाटेतल्या सांतो दोमिंगो गावच्या कॅथीड्रलमध्ये जिवंत कोंबडा-कोंबडी पाळतात, मुलांना ते आवडेल. पण रिओहाचं नाव ऐकून गेलात तर बटाटेच जास्त बघून याल.

तुमच्यासाठी मी तेर्रा आल्ता सांगेन. कातालोनियाच्या दक्षिणेला, एब्रो नदीच्या पश्चिमेचा डोंगराळ भाग. आर्नेस स्टेशनपासून पिनेल दे ब्राइ स्टेशनपर्यंत सुमारे २४ किलोमीटर, तिथून 'बाइश एब्रे' या जोडमार्गाने तोर्तोसापर्यंत आणखी २६. हा मार्ग १९७३ साली बंद झाला, निमित्त बोगदा कोसळल्याचं. साधारण चारशे मीटर उंचीवरून तुम्ही जवळपास समुद्रसपाटीला येता, म्हणजे सगळा उतारच. उलट दिशेने जायचा विचारही करू नका. रेल्वेचा चढ डोळ्यांना दिसत नाही, पण खडीवर २ टक्क्यांच्या चढाला पाय एक क्षणही सैल सोडता येत नाही, आणि पन्नास किलोमीटर सतत पेडल मारून आधी बसायची जागा बोंबलते.

मुक्काम तोर्तोसाला करा. बार्सिलोनाहून तिथे प्रादेशिक रेल्वेने जाता येतं. सकाळी सायकलींसाठी ट्रेलर असलेली टॅक्सी घेऊन आर्नेसला चढा. सातजण म्हणजे आधी सांगून ठेवा, आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका. नऊच्या आत वर पोचलात तर ऊन चढायच्या आधी निम्मं अंतर मागे पडतं.

आर्नेस, ओर्ता, बोत या पट्ट्यात वाटेच्या दोन्ही बाजूंना द्राक्षं, ऑलिव्ह आणि बदाम. इथली ओळख म्हणजे पांढरी गार्नाचा ही द्राक्षाची जात. नाशिकसारखा मांडव इथे नाही. जुन्या बागांत वेल गुडघ्याएवढा, तारेविना, झुडपासारखा उभा, म्हणून सावली शून्य. बोतनंतर घळ लागते आणि एकामागून एक बोगदे सुरू होतात, तेर्रा आल्तातच वीसेक. बेनिफाल्येतनंतर एब्रो सोबतीला येते आणि शेर्ताच्या पुढे संत्र्यांच्या बागा. द्राक्षं तेवढ्यात संपलेली असतात, हे आधीच सांगतो.

फोन्तकाल्दाचा गरम झरा वाटेच्या खाली घळीत आहे. पाणी साधारण २८ अंश, म्हणजे कोमट. खाली जायचा उतार तीव्र आहे आणि परत तोच चढायचा. मुलांना पोहायचंच असेल तर सायकली वर कुलूप लावून चालत जा. गांदेसाला सेसार मार्तिनेल या वास्तुरचनाकाराचं १९१९चं सहकारी मद्यगृह आहे, विटांच्या उंच कमानींचं. ते वाटेवर नाही. त्यासाठी वेगळा दिवस ठेवा आणि टॅक्सीने जा, रस्ता मोटारींचा आहे.

---

प्रेषक: रीडिंग
विषय: उत्तर: सप्टेंबरअखेर स्पेन, सायकलसाठी मार्ग हवा

काकांनी मार्ग अचूक सांगितला आहे. मी सायकलीबद्दल आणि बोगद्यांबद्दल लिहिते, कारण सहल फसते ती तिथे.

बोगद्यांत सेन्सरचे दिवे आहेत, पण ते सगळे लागतील असं धरून चालू नका. लागले तरी मध्येच विझतात. काही बोगदे वळणाचे, त्यामुळे मधोमध असताना दोन्ही तोंडं दिसत नाहीत. प्रत्येकाच्या हँडलला ३००-४०० ल्यूमेनचा दिवा हवा, मुलांच्याही, आणि मागे न लुकलुकणारा लाल. मोबाइलचा टॉर्च चालणार नाही. तो धरायचा म्हणजे ब्रेकवरचा एक हात गेला. गॉगल बोगद्याच्या तोंडाशी थांबून काढा, उन्हातून आत शिरल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो. जमीन ओली असू शकते आणि विजेरी नसलेले चालणारे लोक समोरून येतात. घंटी वाजवत राहा. रस्ता ओलांडायच्या जागी वाटेच्या मधोमध खुंट असतात. सगळे एका ओळीत चिकटून येत असतील तर पुढच्याने हात वर करून ओरडायचं, नाहीतर मागच्याला खुंट दिसतो तो आपटल्यावरच.

आता काटे. आपल्याकडचे सराटे, म्हणजे गोखरू, तिथे 'आब्रोखो' म्हणून हजर आहेत, वनस्पती तीच. कसाही पडला तरी एक काटा वरच असतो. सराटा मधल्या चाकोरीत कमी आणि कडेच्या गवतात जास्त, म्हणून विश्रांतीला सायकल गवतात आडवी टाकू नका. कडेला न्यायचीच तर उचलून न्या.

भाड्याने घेताना ट्यूबलेस मागा, टायर ४० मिलिमीटर किंवा रुंद. सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव, चाकात किती आहे ते विचारा. ४०च्या टायरला ६० ते ९० मिलिलिटर लागतं आणि उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत वाळतं. चाक कानाजवळ धरून हलवा. आत पाणी खळखळल्यासारखा आवाज आला नाही तर भरून मागा. हवा ७०-७५ किलोच्या माणसाला पुढे ३२-३५, मागे ३६-४० पीएसआय. ट्यूब असेल तर ४५च्या आसपास, नाहीतर टोकदार दगडावर ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

काटा रुतला तर सगळे एकदम उपटू नका. एक काढा, ते भोक खाली येईल असं चाक फिरवा, सीलंट बसू द्या, मग दुसरा. ट्यूब बदलताना टायर आतून फडक्याने पुसा. फडकं अडकेल तिथे काटा आहे. बोटाने चाचपलात तर बोटात जाईल. एक काटा आत राहिला की नव्या ट्यूबचीही हवा पाच मिनिटांत जाते.

सातजणांत मिळून पंप दोन, टायरचं भोक बुजवायच्या प्लगचा संच एक, त्या मापाच्या ट्यूब तीन, तुटलेली चेन जोडायचे क्विक लिंक दोन. डिरेलर (मागचे गिअर बदलणारा भाग) ज्याला लटकतो तो हँगर सायकलच्या मॉडेलप्रमाणे बदलतो, दुसऱ्याचा बसत नाही. दुकानाकडून प्रत्येक मॉडेलचा एक सोबत घ्या.

---

प्रेषक: ब्रिस्टल
विषय: उत्तर: सप्टेंबरअखेर स्पेन, सायकलसाठी मार्ग हवा

हँगरचं ताईंनी बरं काढलं, ते चिखलाशी जोडलेलं आहे.

तरीही कुणाला रिओहाच हवं असेल तर आरो गाठून (लिहितात हारो, म्हणतात आरो) ब्रिओनेस, सान विसेन्ते दे ला सोन्सिएर्रा या भागात शेतरस्ते घ्यावे लागतात. द्राक्षं चहूकडे, मधूनमधून मळ्याच्या राखणदाराच्या दगडी घुमटाच्या खोपी. पण ही विया वेर्दे नव्हे. चढ छोटे आणि अंगावर येणारे, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी चालू, म्हणजे ट्रॅक्टर आणि भरलेले ट्रेलर. ट्रेलर वळताना आतली कड कापतो. त्याला पूर्ण वाट द्या, सायकलीवरून खाली उतरून.

पाऊस झाला तर शेतरस्ता त्या दिवशी विसरा. चिकणमाती आहे, आपल्या काळ्या रानासारखी टायरला लपेटत जाते. चाक फिरेना म्हणून जोर लावला की डिरेलर स्पोकमध्ये ओढला जातो आणि हँगर मोडतो. उतरा, काडीने माती काढा, सायकल खांद्यावर घ्या. रेल्वेच्या वाटेवर हा त्रास फारच कमी. रुळांखालचा भराव उंच आणि निचऱ्याचा असतो, म्हणून दाबलेला मुरूम पावसानंतरही चालण्याजोगा राहतो.

द्राक्षं तोडून खाऊ नका. चोरी तर आहेच, शिवाय वर गंधक आणि बोर्डो मिश्रण ही बुरशीनाशकं फवारलेली. तासगाव-नाशिकवाल्यांना वेगळं सांगायला नको.

---

प्रेषक: मिल्टन कीन्स
विषय: उत्तर: सप्टेंबरअखेर स्पेन, सायकलसाठी मार्ग हवा

पोटाचं कुणी बोललं नाही म्हणून.

दुकानं दोन ते पाच बंद, रविवारी बहुधा दिवसभर. जेवण दीड ते साडेतीन, रात्री साडेआठच्या आधी स्वयंपाकघर उघडत नाही. मुलांना पाचला भूक लागते, तेव्हा दुपारीच पाव, चीज, फळं घेऊन ठेवा. जुन्या स्टेशनांतल्या उपाहारगृहांच्या भरवशावर राहू नका. माणशी दोन लिटर पाणी तोर्तोसाहूनच न्या. नळावर 'नो पोताब्ले' (पिण्याजोगं नाही) किंवा 'सिन त्रातार' (प्रक्रिया न केलेलं) लिहिलं असेल तर ते बाटलीत भरू नका, रुमाल भिजवायला ठीक.

शाकाहारींसाठी: 'मेनेस्त्रा' भाज्यांची म्हणून मागवाल तर त्यात हॅम निघतं. 'पातातास आ ला रिओहाना' म्हणजे बटाटे आणि चोरिसो, डुकराच्या मांसाचं सॉसेज. 'सिन खामोन, सिन चोरिसो, सिन आतून' (हॅम नको, चोरिसो नको, ट्यूना नको) असं एक-एक नाव घेऊन सांगा. नुसतं 'शाकाहारी' म्हटलं की ट्यूना येतो. तोर्तियाचं बोकादियो, म्हणजे बटाट्याच्या ऑम्लेटचा पाव, अंडं चालत असेल तर कुठेही मिळतो. सासूबाई अंडं खात नसतील तर टोमॅटो चोळलेला पाव, ऑलिव्ह आणि बदाम यांवर दिवस निघतो. डब्यात थेपले असलेले बरे.

वाइनची चव संध्याकाळी, सायकली परत केल्यावर. श्वासातल्या मद्याची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे आणि दंड होतो. गावाबाहेरच्या रस्त्यावर हेल्मेट सक्तीचं, सोळा वर्षांखालच्या मुलांना सगळीकडेच.

---

प्रेषक: लेस्टर
विषय: उत्तर: सप्टेंबरअखेर स्पेन, सायकलसाठी मार्ग हवा

तेर्रा आल्ता ठरलं. काका, ताई, दादा, आभार. थेपले सासूबाईंच्या खात्यावर टाकले आहेत. सायकली ताब्यात घेताना आणखी काय बघायचं?

---

प्रेषक: रीडिंग
विषय: उत्तर: सप्टेंबरअखेर स्पेन, सायकलसाठी मार्ग हवा

ब्रेक. इथे इंग्लंडमध्ये आणि आपल्याकडेही उजवा हात पुढच्या चाकाला असतो. स्पेनमध्ये डावा हात पुढच्या चाकाला. उतारावर सवयीने डावा ब्रेक मागचा समजून करकचून दाबला की पुढचं चाक अडतं आणि माणूस हँडलवरून जातो. दुकानदाराला अदलाबदल करून मागू शकता. केबलचे ब्रेक असतील तर सोपं, हायड्रॉलिक असतील तर तो नाही म्हणेल. मग डाव्या लिव्हरला लाल चिकटपट्टी गुंडाळा आणि दुकानाच्या आवारात पाच-सहा फेऱ्या मारून घ्या. आधी मुलं, मग सासूबाई. ई-बाइक जड असते, तिला थांबायला जास्त अंतर लागतं.