'सैराट' थेटरात पाहिलेल्यांनी लिहा: काय भिडलं, काय खटकलं

29 एप्रिल 2016ला 'सैराट' लागला. समीक्षा भरपूर झाली, ती नकोय. कुठे बघितलात, शेजारी कोण होतं, काय भिडलं, काय खटकलं, तेवढं लिहा.

सुरुवात मी करते. चारही गाणी मध्यंतराआधीच संपतात. पॉपकॉर्नच्या रांगेत नणंद म्हणाली, "आता उरलेल्या दीड तासात काय दाखवणारेत?" घरी येताना रिक्षात ती एक शब्द बोलली नाही. तरी माझी तक्रार आहेच: हैदराबादचा भाग पंधरा मिनिटांनी कमी चालला असता.

करमाळा तालुका, सध्या पुण्यात

आमच्याच भागात शूटिंग झालं, त्यामुळं पहिल्यांदा बघितला तेव्हा अर्धा वेळ "ही विहीर कुठली रं?" यातच गेला. आजवर आमची बोली पिक्चरमधी गड्याच्या नाहीतर मोलकरणीच्या तोंडी, ती पण हसवायला. हितं हिरॉईन तीच बोलती, आन् बुलेटवर बसून बोलती. रिंकू राजगुरू अकलूजची, तिला हेल शिकवायची गरजच नव्हती. खटकलं एकच. आर्चीच्या आईला चार वाक्यं जास्त द्यायला पाहिजे होती. त्या बंगल्यात बाईमाणसाचं काय चालतं, ते कळलंच नाही.

बेंजो पार्टीवाला

त्या मे महिन्यात 'झिंगाट'शिवाय एक वरात हलली नाही. कीबोर्डवाल्यानं मोबाईलवर ऐकून दोन रात्रीत बसवलं. 'याड लागलं' मात्र जमेना. परश्या होडीतून उडी टाकून पळत सुटतो तेव्हाच्या त्या व्हायोलिनी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत अख्खा ऑर्केस्ट्रा बसवून वाजवल्यात. आमच्या कॅसिओतून त्या मांजराच्या पिल्लागत यायच्या. अजय-अतुलना नमस्कार, पण गरिबाचा विचार करा.

एका वरातीत नवरदेवाच्या चुलत्यानं 'झिंगाट' सात वेळा वाजवायला लावलं. त्याची स्वतःची पोरगी दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या जातीच्या पोराबरोबर गेलेली. तिला त्या लग्नाचं बोलावणं नव्हतं. गावात सगळ्यांना माहीत होतं. आम्ही वाजवलं, सुपारी घेतली होती.

बेंगळुरू

2017चा कन्नड रीमेक 'मनसु मल्लिगे' इथेच पाहिला. रिंकूच होती, चालीही त्याच. मित्रांना कथा जवळची वाटली, मला सारखी आमची बोली आठवत होती. 2018च्या हिंदी 'धडक'मध्ये 'झिंगाट' पोचलं, जात वाटेतच कुठेतरी उतरली.

नाव नको

मला पहिला भाग आवडलाच नाही. मुलगा मागेमागे फिरतो, लहान पोराच्या हातून चिठ्ठी पाठवतो आणि आपण म्हणायचं, किती गोड! आमच्याही कॉलेजच्या वाटेवर मागे येणारे होते, तेव्हा व्हायोलिन वाजत नसे. एवढं खरं की आर्ची नजर खाली घालत नाही. वर्गात तीच परश्याकडे रोखून बघते, तोच कावराबावरा होतो. तेवढ्यासाठी नागराज मंजुळेंना माफ.

पण मध्यंतरानंतर मी खुर्चीत आक्रसले. आम्ही 2009मध्ये घर सोडून सुरतेला गेलो. पत्र्याची खोली, संडास बाहेर, सोळा बिऱ्हाडांत एक. आर्चीला वस्तीतली घाण सोसत नाही, मग दोघांची धुसफूस, त्याचा संशय, ती थोबाडीत, तिचं निघून जाणं आणि परत येणं. वर ताईंनी पंधरा मिनिटं कमी करा म्हटलंय. ताई, आमच्याकडे गॅसची शेगडी यायलाच सहा महिने लागले. तोवर रॉकेलचा वास, आणि रोज त्याच वासावरून भांडण. शेजारी नवरा बसला होता. थोबाडीतीच्या प्रसंगाला त्याने मान फिरवली. मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

लातूर

तालुक्याच्या टॉकीजमध्ये पाहिला. 'झिंगाट'ला पोरं पडद्यासमोर जाऊन नाचली, शर्ट काढून. शेवटी माहेरची माणसं साडी घेऊन येतात, आर्ची चहा ठेवते, आम्हाला वाटलं मिटलं सगळं. मग ते लहान मूल घरात येतं आणि आवाजच जातो. मागच्या रांगेतून ओरडा सुरू झाला, "ए आवाज! आवाज सोड!" कोणीतरी शिट्टी मारली. मशीन बिघडलं असंच वाटलं सगळ्यांना. मूल रडत बाहेर निघालं, फरशीवर लाल पावलं उमटली, तेव्हा शिट्टीवाला गप्प झाला.

बाहेर आलो तर पुढच्या शोची रांग गेटपर्यंत. पोरं जागेवरच 'झिंगाट'च्या स्टेप बसवत होती. त्यातल्या एकानं विचारलं, "कसाय?" मी नुसतं "बघ" म्हणालो.