पासवर्ड वाटण्याआधी

‘पैसे आम्ही भरतो, तेव्हा वायफाय कुणाला द्यायचे ते आम्ही ठरवू’ असे मत इंटरनेटचे बिल भरणारे मांडतात; घरच्या माणसांपुरते ते मला मान्य आहे. परंतु तोच न्याय भाडेकरूंना आणि शेजाऱ्यांना लावणे मला धोक्याचे वाटते. सांगलीत विश्रामबागला आमच्या तळमजल्यावर राहणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आपुलकीने पासवर्ड दिला होता. त्यांच्यापैकी एकाच्या लॅपटॉपमध्ये शिरलेला व्हायरस रात्रंदिवस स्पॅम ईमेल पाठवत राहिला आणि सेवा कंपनीने माझी जोडणी बंद केली. तेव्हा मला राग आला, पण कारण समजल्यावर तो ओसरला: अनेक कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवर जोडणी ओळखण्याचा क्रमांक) बऱ्याच ग्राहकांमध्ये विभागून वापरतात, त्यामुळे तो पत्ता स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत गेला की ज्यांचा काहीही दोष नाही अशा ग्राहकांचीही कामे अडतात. शिवाय कंपनीच्या नोंदीत नाव राहते ते जोडणी घेणाऱ्याचेच.

ज्यांना पैसे घेऊन इंटरनेट द्यायचे आहे, त्यांच्यासाठी डिसेंबर 2020 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली पीएम-वाणी ही सार्वजनिक वायफायची सरकारी योजना, ही रीतसर वाट आहे. तीत किराणा दुकानदारालाही परवाना वा शुल्काशिवाय सार्वजनिक वायफाय केंद्र चालवता येते. घरगुती जोडणीचा करार मात्र अशी पुनर्विक्री सहसा मान्य करत नाही.