हात वर केला की खांद्याचा पत्रा छातीच्या पत्र्यात घुसतो: मॉडेल बदलायचं की रिग (त्याला हलवणारा हाडांचा सांगाडा)?

प्रश्न
गेममधल्या सरदाराच्या ३डी मॉडेलसाठी १५व्या शतकातलं मिलानी धाटणीचं पोलादी चिलखत करतोय. हात ९० अंशांच्या वर गेला की खांद्याचा पत्रा छातीत घुसतो. पात्र वाकलं की छातीचा पत्रा पोटाशी रबरासारखा दुमडतो. वेट पेंटिंग (कोणता भाग कोणत्या हाडाबरोबर किती हलेल ते रंगवून ठरवणं) पुन्हा पुन्हा करूनही फरक नाही.

प्रतिसाद १
दुमडतोय, म्हणजे पत्रा फार खाली उतरलाय. खरा छातीचा पत्रा कमरेच्या सगळ्यात बारीक जागी, साधारण बेंबीपाशी संपतो. त्याखाली एकमेकींवर सरकणाऱ्या आडव्या पट्ट्या येतात आणि वाकणं त्या सांभाळतात. प्रत्येक पत्र्याला एकच बोन (रिगमधलं हाड) द्या, वेट पूर्ण १. दोन बोनमध्ये वाटलेलं पोलाद वाकणारच. पत्र्याखालचं शरीराचं मेश (मॉडेलचा पृष्ठभाग) काढून टाका.

आणि कृपा करून पत्रे जाड करू नका! हातापायांवरचा पत्रा जेमतेम १ मिमीच्या आसपास असतो. जाड दिसते ती कड, कारण ती बाहेर वळवलेली असते. तेवढी वळलेली कड नीट मॉडेल करा. उजेड तिथेच पकडला जातो आणि लांबूनही पत्र्यांचे थर वेगळे दिसतात.

प्रतिसाद २
खांद्याचं दुखणं पिव्होटचं, म्हणजे फिरण्याच्या बिंदूचं आहे. खांद्याचा पत्रा गळ्याजवळ वरून टांगलेला असतो आणि खाली दंडाला पट्ट्याने बांधलेला असतो. म्हणून क्लॅव्हिकलखाली (गळ्यालगतच्या हाडाच्या बोनखाली) वेगळा हेल्पर बोन (मदतीचं जादा हाड) घ्या, पिव्होट गळ्याच्या बाजूला ठेवा आणि दंडाच्या फिरण्याचा निम्मा भाग त्याला द्या. खालच्या तीन पट्ट्यांना त्याच फिरण्याचा ०.६५, ०.८ आणि १ भाग. खऱ्या पट्ट्या आतून चामड्याने जोडलेल्या असतात, काही ठिकाणी रिवेट लांबट खाचेत सरकतं, त्यामुळे त्या अशाच टप्प्याटप्प्याने उघडतात. टी-पोजमध्ये (हात आडवे पसरून उभं) सगळं छान दिसतं, फसू नका. हात डोक्यावर, हाताची घडी आणि उकिडवं बसणं, या तिन्ही पोजमध्ये तपासा.

मिरर मॉडिफायर (एक बाजू आरशासारखी दुसरीकडे उतरवणारी सोय) मात्र बंद करा. मिलानी चिलखतात डावा खांदा मोठा असतो, उजवा खांदा भाला काखेत धरता यावा म्हणून पुढून कापलेला. दोन्ही सारखे केले की ती धाटणीच गेली.

प्रश्नकर्ता
पिव्होट हलवल्यावर खांदा सुटला, धन्यवाद. आता काख उघडी पडते.

प्रतिसाद २
पडणारच. तिथे कड्यांच्या जाळीचे तुकडे आतल्या जाड कापडी अंगरख्याला शिवलेले असत. तो भाग कापडासारखा स्किन करा (बोनना जोडा), वेट मोकळेपणाने वाटा. प्रत्येक कडी चार शेजारच्या कड्यांत अडकलेली असते, पण ती मॉडेल करू नका, टाइल होणारा (सलग जुळत जाणारा) नॉर्मल मॅप, म्हणजे उठाव भासवणारं चित्र, पुरतो. लांबून जाळी चमचमायला लागली तर वरच्या मिप पातळ्यांत (लांबून वापरल्या जाणाऱ्या लहान प्रतींत) नॉर्मलचा जोर कमी करून तितका रफनेस (खरखरीतपणा) वाढवा.