विम या कोड लिहायच्या एडिटरमधल्या विंडो लहान-मोठ्या करायच्या कळा बदलाव्यात का?

गिरगावकर:
बदलाव्यात, आणि पहिल्याच दिवशी. स्क्रीन उभी दुभागली की रुंदी वाढवायला आधी कंट्रोल-डब्ल्यू, मग शिफ्ट धरून >. एवढं करून सरकतो एक कॉलम, म्हणजे एका अक्षराएवढी रुंदी! तोवर डोक्यातला कोड निसटतो. मी कंट्रोल आणि बाणांवर पाच-पाच कॉलमचं मॅपिंग केलंय, म्हणजे त्या कळांना ते काम नेमून दिलंय. अंधेरीच्या ऑफिसात नवीन मुलगा आला की त्यालाही हेच आधी लावून देतो.

मुलुंडकर:
अजिबात पटलं नाही. आधी 20 टाइप करा, मग कंट्रोल-डब्ल्यू >. वीस कॉलम एका दमात. नेमकी रुंदी हवी असेल तर 80, कंट्रोल-डब्ल्यू, |. रात्री क्लायंटच्या सर्व्हरवर शिरल्यावर तुमचं मॅपिंग कुठून आणणार तो मुलगा? मॅकवर तर कंट्रोल आणि डावा-उजवा बाण डेस्कटॉपच बदलतो.

गिरगावकर:
मॅकवर दुसऱ्या कळा घ्या, काही अडत नाही. पण वीसच का, सतरा का नाही? लॉगची, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदींची, ओळ कुठे तुटते ते बघत-बघत रुंदी ठरते. आकडा चुकला की पुन्हा उलटं मोजत बसा.

चेंबूरकर:
माऊसने दोन विंडोंमधली रेघ ओढा ना. विमवरूनच निघालेल्या निओविममध्ये 0.8 आवृत्तीपासून माऊस मुळातच चालू असतो.

मुलुंडकर:
लोकलमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन, ट्रॅकपॅडवर ती एका अक्षराएवढी रेघ पकडून दाखवा.
आणि गिरगावकर, बाणांची खरी गोम वेगळीच आहे. > ने रुंद होते ती चालू विंडो. तुम्ही सगळ्यात उजवीकडच्या विंडोत असाल तर उजवा बाण दाबल्यावर रेघ डावीकडे जाते. नवशिक्याचा तिथेच गोंधळ उडतो. त्याला काय शिकवलंत मग?

गिरगावकर:
दोन दिवसांत हाताला सवय होते. उलट तुमची मोजून लावलेली 80 किती टिकते ते सांगा. इक्वलऑलवेज हे सेटिंग मुळात चालूच असतं. आणखी एक उभी विंडो उघडून मिटली तरी विम पुन्हा सगळ्यांना सारखी वाटणी करतं.

मुलुंडकर:
म्हणून त्या विंडोपुरतं विनफिक्सविड्थ हे सेटिंग लावायचं. मग बाकीच्या सारख्या झाल्या तरी ती हलत नाही. हे त्या मुलाला आधी सांगा, बाण नंतर.

गिरगावकर:
बाजूच्या फाइलींच्या यादीला मी ते लावतोच. कोडच्या विंडोला मात्र नाही, ती दर तासाला बदलावी लागते. मॅपिंग राहणार.