मदत हवी आहे: वाडीला लागून 96 फ्लॅटची स्कीम येतेय, पऱ्या (पावसाळी ओढा) बुजवलाय. कुठून सुरुवात करू?

पागोळी
नमस्कार मंडळी. इथे वाचते खूप, लिहिते क्वचित. या वेळी मात्र डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढला.

गाव दापोली तालुक्यातलं, समुद्रापासून साधारण 700 मीटर आत. नाव मुद्दाम देत नाही, विकणारे आणि विरोध करणारे एकाच भावकीतले आहेत. हे निवृत्त झाल्यावर डोंबिवलीचं बिऱ्हाड मोडून आम्ही 4 वर्षांपूर्वी सासरच्या घरी कायमचे आलो. वाडीत घरं 41, त्यातली बारमाही उघडी असतात ती 23.

वाडीला लागून माझ्या चुलत दिरांची 3 एकरांची लांबट पट्टी होती. वरचं टोक सड्याच्या (कातळाच्या पठाराच्या) पायथ्याला, खालचं खाडीच्या फाट्याला. निसर्ग वादळात (जून 2020) त्यांच्या खालच्या बागेतले माड आडवे झाले, मुलं नालासोपाऱ्याला, इकडे बघणारं कोणी नाही. त्यांनी विकली. वाटप आधीच रीतसर झालेलं होतं, त्यामुळे त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. आम्ही तरी काय, डोंबिवलीहून दर मे महिन्यात येऊन आंबे खाऊन परत जात होतो.

आता तिथे 4 इमारती, एकूण 96 फ्लॅट आणि पोहण्याचा तलाव येणार असं रस्त्याच्या फाट्यावरचा बॅनर सांगतो. बॅनरवर समुद्र अगदी गॅलरीला लागून दाखवलाय. खरं तर तिथून दिसते ती खाडी, तीही भरतीला.

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात जेसीबी आला आणि दोन दिवसांत वरच्या बाजूचा पऱ्या जांभ्याच्या चिऱ्यांचा चुरा आणि माती टाकून बुजवला. हा पऱ्या सड्यावरून येतो, त्या जागेतून तिरका जातो आणि खाडीला मिळतो. सध्या कोरडा आहे, म्हणून बघणाऱ्याला तिथे नुसता खळगा दिसतो. शेजारच्या काकी काठी टेकत बघायला आल्या आणि म्हणाल्या, "पऱ्या बुजवलान् की गो! आता पाणी तुझ्या पडवीतून जाईल." तसंच आहे. पऱ्याच्या अलीकडे आमची पाखाडी (दगडी पायवाट), पाखाडीला लागून आमचं अंगण आणि खाली 40 माड, पोफळी.

दुसरी काळजी विहिरीची. वाडीची पिण्याची विहीर त्या जागेच्या हद्दीपासून 60 मीटरवर आहे. एप्रिल संपत आला की पाणी मचूळ व्हायला लागतं. मे महिन्यात तर दूध घातलं की चहा फाटतो, म्हणून आम्ही चहापुरतं पाणी वरच्या वाडीतून कळशीने आणतो. स्कीमसाठी 2 बोअर मारणार आहेत असं ऐकते.

वाडीत दोन तट पडलेत. तीन पोरांना तिथे काम मिळालंय, त्यांच्या घरचे तक्रारीवर सही करायला तयार नाहीत आणि त्यांना दोष कसा देऊ? पंचायतीत विचारलं तर "परवानगी वरून आहे" एवढंच उत्तर. मला स्कीम बंदच पाडायची आहे असं नाही. पऱ्या मोकळा हवा आणि विहीर शाबूत हवी. पावसाला दीड महिना उरलाय. पर्यावरण मंजुरीची जनसुनावणी होते ना, तिथे बोलायला मिळेल का? वकील आत्ताच करू का आधी कागद गोळा करू?

मोजणीदार
ताई, जनसुनावणीची वाट बघू नका, ती होणार नाही. 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे बांधकाम प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते ती 20,000 चौरस मीटर बांधकामापासून पुढे. 96 लहान फ्लॅट त्या आकड्यात बसतील असं वाटत नाही. आणि मंजुरी लागली तरी इमारतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. यात लोकांचे महिने फुकट जाताना पाहिलेत.

तुमचं हत्यार पऱ्या आहे. गाव नकाशा काढा आणि त्यावर तो ओहोळ म्हणून दाखवलाय का ते बघा. मग त्या गट नंबरचा सातबारा घ्या, अगदी जुना हस्तलिखितसुद्धा. त्यात पोटखराबा (लागवडीखाली नसलेला भाग) दोन प्रकारचा असतो. वर्ग अ म्हणजे खडकाळ, लागवडीला नालायक. वर्ग ब म्हणजे रस्ता, पायवाट, इतर लोक पाणी वापरतात तो ओढा, अशा सार्वजनिक कामाखालची जागा. पऱ्या वर्ग ब मध्ये असेल तर "आमची खाजगी जमीन" हे बोलणं तिथेच थांबतं.

कागद हातात आले की तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली दावा लावा. पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवून शेजारच्या शेतीचं किंवा बागेचं नुकसान होत असेल तर अडथळा काढायचा हुकूम तिथे मिळतो. मुदत मात्र अडथळा केल्यापासून 6 महिने. शिमग्यापासून मोजा. जेसीबीचे फोटो आहेत ना?

पागोळी
फोटो आहेत, भाच्याने काढलेत, तारखेसकट. पण जुना सातबारा मागितला की तलाठी कार्यालयात "सर्व्हर डाऊन" म्हणतात. हस्तलिखिताला सर्व्हर कशाला लागतो?

मोजणीदार
हा हा. तालुक्याच्या अभिलेख कक्षात मिळेल. आणि अर्ज करून 30 दिवस बसण्यापेक्षा सोमवारी दुपारी 3 ते 5 मध्ये जा. 2018 च्या शासन परिपत्रकाप्रमाणे या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहायला मिळतात, पण सगळ्या कार्यालयांना हे आठवतंच असं नाही, म्हणून परिपत्रकाची प्रत बरोबर ठेवा. माहिती अधिकाराचा अर्जही टाकून ठेवा. एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत, नाहीतर त्याच कारणावर परत येतो.

खाडीकाठ
समुद्रापासून 700 मीटर म्हणजे सीआरझी (किनारपट्टीवरच्या बांधकामाला निर्बंध असलेला पट्टा) नाही असं समजून सोडू नका. खाडीच्या काठालाही सीआरझी लागतो. 2019 च्या अधिसूचनेत भरतीरेषेपासून 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी असेल ते. पूर्वी हे अंतर 100 मीटर होतं. फाटा किती रुंद आहे? आणि काठाला तिवर, चिपी वगैरे कांदळवनाची झाडं आहेत का?

पागोळी
फाटा भरतीला 30 मीटर असेल. तिवर भरपूर. लहानपणी हे तिथे खेकडे पकडायचे म्हणे, अजूनही त्याच्या गोष्टी संपत नाहीत.

खाडीकाठ
मग रुंदीच्या हिशोबाने 30 मीटर. पण कांदळवन असेल तर वेगळं. मुंबई उच्च न्यायालयाने 17 सप्टेंबर 2018 च्या निकालात कांदळवनाची तोड, भराव आणि त्याच्या भोवती 50 मीटरच्या पट्ट्यात बांधकाम करायला मनाई केली आहे, जमीन कोणाच्याही मालकीची असो. म्हणून खालच्या टोकाला काय येणार आहे ते नकाशात बघा. बहुतेक वेळा सांडपाण्याची टाकी उताराच्या शेवटी टाकतात, कारण पाणी तिकडेच जातं. आज तिवराचे फोटो काढून ठेवा. "इथे काही नव्हतंच" हे वाक्य नंतर ऐकायला मिळतं.

सड्यावरचा
मी दुसऱ्या बाजूने लिहितो. पुण्यात राहतो, अशाच एका स्कीममध्ये (दुसऱ्या तालुक्यात) फ्लॅट घेतला. वर्षातले 330 दिवस कुलूप. सगळे मालक एकदम येतात ते मे महिन्यात, म्हणजे विहिरी तळाला गेलेल्या असतात तेव्हाच. गेल्या वर्षी दिवसाआड टँकर होता आणि तो टँकर शेजारच्या वाडीतल्या विहिरीवर भरत होता. आम्हाला हे नंतर कळलं. लाज वाटली, पण आंघोळ केलीच.

बॅनरवर महारेराचा (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्य प्राधिकरणाचा) नंबर आणि क्यूआर कोड आहे का ते बघा. 500 चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन आणि 8 पेक्षा जास्त सदनिका असल्या तर नोंदणीशिवाय जाहिरातच करता येत नाही. नंबर असेल तर महारेराच्या साइटवर मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी, जमिनीचा अहवाल सगळं घरबसल्या वाचता येतं. पाण्याची सोय काय लिहिली आहे ते आधी वाचा.

जांभा
विहिरीचं सांगतो, भूजलात काम केलंय. किनाऱ्याजवळ गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी 1 फूट असेल तर खाली साधारण 40 फूट गोडं पाणी असतं. याचा उलटा अर्थ भयंकर आहे. उपशाने वरची पातळी 1 फूट उतरली तर खारं पाणी खालून 40 फूट वर सरकू शकतं. तुमचा मे महिन्यातला फाटलेला चहा हेच सांगतोय की आत्ताच शिल्लक कमी आहे.

आता हिशोब करा. 96 घरं, घरात 5 माणसं, माणशी 135 लिटर. दिवसाला जवळजवळ 65,000 लिटर, तलाव वेगळा. यातलं बहुतेक पाणी सांडपाणी म्हणून परत जमिनीत किंवा खाडीत जाणार.

आजपासून एक वही करा. दर रविवारी सकाळी, उपसा व्हायच्या आधी, दोरीला गाठी मारून पाण्याची पातळी मोजा आणि साध्या टीडीएस पेनने क्षार मोजा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे 500 मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा, दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत. एक नमुना सरकारी प्रयोगशाळेत देऊन क्लोराइडचा लेखी अहवाल घ्या. बोअर मारल्यावर पाणी खारट झालं म्हणायचं तर बोअर मारायच्या आधीचा आकडा लागतो, नेमका तोच कोणाकडे नसतो. आणि भूजल यंत्रणेला लेखी विचारा: सार्वजनिक पिण्याच्या विहिरीजवळ बोअरला परवानगी दिली आहे का?

पागोळी
सगळ्यांचे मनापासून आभार. थोडी प्रगती सांगते.

सोमवारी गेले. पहिल्यांदा "साहेब मीटिंगला" झालं, मग परिपत्रक पुढे केलं. 1970 च्या आसपासचा हस्तलिखित सातबारा मिळाला, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण ओळ शाबूत: पोटखराबा ब, त्यापुढे बारीक अक्षरात "पऱ्या". हात थरथरत होता, फोटो दोनदा हलला.

महारेराचा नंबर बॅनरवर नाही.

विहिरीची वही सुरू केली. गाठी मोजायला ज्या पोरांच्या घरून सही नाही त्यातलाच एक आला. म्हणाला, "काकी, पाणी आम्हीपण पितो."

बातमी गेली वाटतं, दुसऱ्याच दिवशी त्यांचा इंजिनिअर घरी आला. चांगला बोलला. 600 मिलिमीटरचा सिमेंटचा पाइप टाकून पऱ्याचं पाणी जमिनीखालून नेतो म्हणाला, लेखी द्यायलाही तयार आहे. यजमान विरघळलेत. मी अजून नाही. 600 पुरतो का?

जांभा
सड्यावरचं किती क्षेत्र त्या पऱ्यात उतरतं?

पागोळी
यांच्या अंदाजाने 25 एकर.

जांभा
म्हणजे 10 हेक्टर. कातळ फारसं पाणी पीत नाही, तरी 60 टक्केच वाहतं धरू. तासाला 60 मिलिमीटरची सर आली तर सेकंदाला साधारण 1000 लिटर येतील. 600 चा पाइप, शंभराला एक उतार धरला तर, पूर्ण भरून 600 लिटरच्या आसपास नेतो. तोही साफ असेल तेव्हा. पहिल्याच पावसात सड्यावरचा पातेरा (वाळका पाला) आणि झावळ्या तोंडाशी अडकल्या की उरलेलं पाणी कुठून जाईल ते तुमच्या काकींनी आधीच सांगितलंय. उघडा, दगडी बांधाचा पऱ्या मागा, पूर्वीच्या रुंदीचा. पाइपवर सही करू नका.

मोजणीदार
सहमत. आणि बोलणी चालू असली तरी 6 महिने कोणासाठी थांबत नाहीत. दावा लावून मग बोला.

पागोळी
बरं. यांना हा आकडा वाचून दाखवला, म्हणाले "पाइप दोन टाकायला सांगू." 35 वर्षांचा संसार, काय बोलणार.

दावा लावतेच. अर्जदार मी एकटी होऊ का वाडीतले जेवढे तयार आहेत तेवढे सगळे? बाग यांच्या नावावर आहे, माझ्या नाही, त्याने अडेल का? कोणाकडे कलम 5 च्या अर्जाचा मसुदा असेल तर नावं-गाव काढून इथे टाका. चुलत दिरांचा काल रात्री फोन येऊन गेला, तो मी उचलला नाही.